कली विल्सन: आधी फोडून आणलेला, मग हाकललेला राइट विंगर

आइस हॉकीच्या जुन्या काळातील दांडगट खेळाडूंची यादी काढायला बसलो, तर कली विल्सनचे नाव पहिल्या काही नावांतच येते. त्याच्याविषयी लिहिणारे बहुतेक लोक एका वाक्यात त्याचा निकाल लावतात: त्याने प्रतिस्पर्धी खेळाडू मिकी मॅकेचा जबडा मोडला आणि लीगने त्याला बाहेर काढले. हे वाक्य खोटे नाही. मात्र जबडा मोडल्यानंतर काय झाले, बाहेर काढणारा कोण होता, बाहेर काढल्यावर विल्सनला कामावर कोणी घेतले आणि पुढच्या सात-आठ वर्षांत त्या बंदीचे काय झाले, हे सगळे त्या वाक्यात येत नाही. ते सगळे एकत्र वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की विल्सनवरील बंदीत न्यायाचा भाग थोडा होता आणि मालकांच्या सोयीचा भाग मोठा होता. मी सिएटलच्या परिसरात राहतो. इथे क्रॅकन संघाचे सामने पाहायला जाणारी मराठी मंडळी बरीच आहेत, आणि या शहराच्या पहिल्या मोठ्या हॉकी संघात विल्सन चार हंगाम खेळला, हे त्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विल्सनचा जन्म 1892 साली कॅनडातील विनिपेगचा. आईवडील आइसलँडमधून आलेले. विनिपेगमध्ये त्या काळी आइसलँडिक लोकांची मोठी वस्ती होती, आणि प्रस्थापित संघांनी दूर ठेवलेल्या या वस्तीतील मुलांनी स्वतःची हॉकी उभी केली. त्यातूनच फाल्कन्स हा संघ निघाला आणि त्याने 1920 साली अँटवर्प येथे ऑलिंपिकमधील पहिले आइस हॉकी सुवर्णपदक जिंकले. विल्सन याच समाजातला. फरक इतकाच की फाल्कन्सची मुले हौशी खेळाडू म्हणून जगासमोर आली, तर विल्सनने फार लवकर पैसे घेऊन खेळायला सुरुवात केली. तो टोरोंटो ब्लूशर्ट्स संघात राइट विंगवर, म्हणजे आक्रमणाच्या उजव्या बाजूला, खेळू लागला, आणि 1914 साली त्या संघाने स्टॅन्ली कप, म्हणजे आइस हॉकीतील अजिंक्यपदाचा चषक, जिंकला तेव्हा तो त्यात होता. टोरोंटो शहराचा तो पहिलाच स्टॅन्ली कप. अंतिम मालिकेत समोर पॅसिफिक किनाऱ्यावरचा व्हिक्टोरियाचा संघ होता आणि तो तिन्ही सामने हरला.

त्या काळच्या खेळाची थोडी कल्पना दिल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. डोक्यावर हेल्मेट नाही, तोंडासमोर जाळी नाही, अंगावर आजच्या तुलनेत नावापुरतेच संरक्षण. संघात जेमतेम नऊ-दहा माणसे असत, त्यामुळे चांगला खेळाडू जवळजवळ पूर्ण साठ मिनिटे बर्फावरच असे. आज चाळीस-पन्नास सेकंद धावून बाकावर परतणाऱ्या खेळाडूंना पाहताना हे खरे वाटत नाही. अशा खेळात समोरचा वेगवान माणूस तुमच्याआधी दमत नसेल, तर त्याला थांबवण्याचे स्वस्त उपाय दोनच: स्केटमध्ये स्टिक घालून पाडणे, किंवा स्टिक दोन्ही हातांत आडवी धरून त्याच्यावर आदळणे. दुसऱ्या प्रकाराला क्रॉस-चेक म्हणतात. आडव्या स्टिकमागे धावत्या माणसाचे सगळे वजन येते, आणि समोरचा खाली वाकून पक (खेळाची रबरी चकती) सांभाळत असेल तर छातीच्या उंचीवर धरलेली तीच स्टिक नेमकी त्याच्या हनुवटीवर बसते. पेनल्टी काही मिनिटे बाहेर बसण्याची. दुखापत मात्र महिन्यांची.

कायद्याचा धाकही होता तो असून नसल्यासारखा. 1905 साली ओंटारिओतील मॅक्सव्हिल येथे ॲल्सिड लॉरिन नावाचा खेळाडू स्टिकच्या घावाने मरण पावला आणि मारणारा ॲलन लोनी न्यायालयातून निर्दोष सुटला. 1907 साली कॉर्नवॉल येथे ओवेन मॅककोर्ट असाच गेला आणि चार्ल्स मॅसन निर्दोष सुटला, कारण त्याआधी मॅककोर्टला आणखी एकाने मारले होते, असे साक्षीदारांनी सांगितले. 1912 च्या डिसेंबरमध्ये टोरोंटोतील प्रदर्शनीय सामन्यात स्प्रेग क्लेघॉर्नने न्यूझी लालोंदचे कपाळ स्टिकने फोडले. न्यायालयात 50 डॉलर दंड झाला आणि त्याच्यावरील निलंबनही प्रत्यक्षात फार काळ टिकले नाही. हे सर्व विल्सन व्यावसायिक हॉकीत पाय रोवत होता त्याच्या थोडे आधी किंवा त्याच सुमाराचे आहे. कोणत्या गोष्टीला या धंद्यात माफी आहे, हे त्याला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

आता पॅट्रिक बंधूंकडे येतो, कारण या प्रकरणाची खरी मेख तिथे आहे. लेस्टर आणि फ्रँक पॅट्रिक यांनी वडिलांच्या लाकडाच्या व्यवसायातून आलेल्या पैशावर पॅसिफिक किनाऱ्यावर स्वतःची लीग उभारली आणि व्हँकुव्हर व व्हिक्टोरिया येथे कृत्रिम बर्फाची रिंगणे बांधली. कॅनडातील तशी ती पहिलीच. हे दोघे भाऊ कल्पक होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. निळ्या रेषा, मधल्या पट्ट्यात पुढे पास देण्याची मुभा, पेनल्टी शॉट अशा आज गृहीत धरलेल्या कितीतरी गोष्टी त्यांच्या लीगमधून आल्या. पण ती लीग म्हणजे घरचेच दुकान होते. फ्रँक पॅट्रिक लीगचा अध्यक्ष होता आणि व्हँकुव्हर संघाचा व्यवस्थापकही होता. फिर्याद त्याच्याच संघाची आणि न्यायाधीशही तोच, अशी वेळ येणार हे उघड होते, आणि ती आली.

1915 साली सिएटलमध्ये नवा संघ काढायचा ठरले तेव्हा पॅट्रिक बंधूंनी पूर्वेकडचे खेळाडू फोडले. टोरोंटो ब्लूशर्ट्समधून पाच जण एकदम उचलले: गोलरक्षक हॅप होम्स, फ्रँक फॉयस्टन, जॅक वॉकर, एडी कार्पेंटर आणि कली विल्सन. तोपर्यंत विल्सन कसा खेळतो हे पूर्वेकडच्या प्रत्येक प्रेक्षकाला माहीत होते आणि पॅट्रिक बंधूंना तर नक्कीच माहीत होते. त्यांनी आंधळेपणाने माल घेतलेला नाही. फॉयस्टन आणि वॉकर हे नजाकतीने खेळणारे, पेनल्टीच्या वाटेला फारसे न जाणारे. अशा दोघांच्या बाजूला एक असा माणूस हवा होता की ज्याच्या भीतीने प्रतिस्पर्धी बचावपटू या दोघांवर हात टाकण्याआधी दोनदा विचार करील. विल्सनची नेमणूक त्या कामासाठी होती, असे मी समजतो. शिवाय तो गोलही करत असे, ही वरची कमाई.

सिएटल मेट्रोपोलिटन्स हे नाव रिंगण बांधणाऱ्या मेट्रोपोलिटन बिल्डिंग कंपनीवरून आले. लाल, पांढऱ्या आणि हिरव्या आडव्या पट्ट्यांचे लोकरी स्वेटर आणि छातीवर इंग्रजी एस. 2024 च्या पहिल्या दिवशी क्रॅकन संघाने बेसबॉलच्या मैदानावर उघड्यावर खेळलेल्या सामन्यात त्याच धर्तीचे स्वेटर घातले होते, ते ज्यांनी पाहिले असतील त्यांना लगेच आठवतील. 1917 च्या मार्चमध्ये या संघाने मॉंट्रियल कॅनडियन्सला घरच्या बर्फावर हरवून स्टॅन्ली कप जिंकला. पहिला सामना 4-8 असा गमावल्यानंतर पुढचे तिन्ही सामने 6-1, 4-1 आणि 9-1 असे घेतले. चार सामन्यांत 14 गोल करणारा बर्नी मॉरिस त्या मालिकेचा नायक ठरला, आणि ते योग्यच होते. अमेरिकेतील संघाने स्टॅन्ली कप जिंकण्याची ही पहिली वेळ. प्रशिक्षक पीट मुल्डून हे नाव लक्षात ठेवा. ते पुढे पुन्हा येणार आहे.

मग 1918-19 चा हंगाम. याच हंगामात सिएटल आणि व्हँकुव्हर यांच्यातील सामन्यात विल्सनने मिकी मॅकेवर क्रॉस-चेक केला आणि त्याचा जबडा मोडला. मॅके हा व्हँकुव्हरचा लाडका होता. अंगाने लहान, पायांनी विलक्षण चपळ आणि प्रेक्षकांचा जीव की प्राण. 1915 साली व्हँकुव्हरने स्टॅन्ली कप जिंकला त्या संघातला तो तरुण तारा. त्याला अशा प्रकारे जायबंदी करण्याचे कोणतेही समर्थन मी करणार नाही. ज्यांनी विल्सनचे वकीलपत्र घेतले आहे ते म्हणतात की तो काळच तसा होता. पण त्याच काळात फॉयस्टनही खेळत होता आणि वॉकरही, आणि त्यांना कोणाचा जबडा मोडावा लागला नाही. स्टिक विल्सनच्या हातात होती आणि ती कुठे लागेल हे कळण्याइतका तो अनुभवी होता. त्याबद्दल शिक्षा व्हायलाच हवी होती.

प्रश्न शिक्षेच्या वेळेचा आणि मापाचा आहे. मॅके जायबंदी असताना विल्सन मात्र त्या मार्चमध्ये सिएटलकडून स्टॅन्ली कपच्या अंतिम मालिकेत खेळत होता. लीगची इभ्रत पूर्वेकडच्या एनएचएल (नॅशनल हॉकी लीग) या लीगच्या विजेत्या मॉंट्रियलसमोर पणाला लागली होती, बर्नी मॉरिस लष्करी भरती चुकवल्याच्या आरोपाखाली अटकेत होता, आणि अशा वेळी आणखी एक आक्रमक खेळाडू गमावणे कोणालाच परवडणारे नव्हते. विल्सनसाठी लीगचे दार बंद झाले ते पुढच्या हंगामापासून. गरज सरो आणि वैद्य मरो, असा हा व्यवहार झाला. एखाद्या माणसाचे वर्तन इतके घातक असेल की त्याला लीगमध्ये ठेवणे अशक्य आहे, तर ते मार्चमध्येही घातकच असले पाहिजे.

ती अंतिम मालिका हॉकीच्या इतिहासातील सर्वांत दुर्दैवी मालिका ठरली, आणि विल्सनच्या कारकिर्दीतील माझ्या मते सर्वांत लक्षात राहण्यासारखा क्षण तिच्यातच आहे. बर्फावर त्या दिवसांत दोन्ही बाजूंना एकेक बदनाम माणूस होता. मॉंट्रियलच्या बाजूने ‘बॅड’ जो हॉल, एनएचएलच्या पहिल्या दोन्ही हंगामांत पेनल्टी मिनिटांत अव्वल; आदल्या वर्षी जानेवारीत टोरोंटोमध्ये अल्फ स्किनरशी स्टिकने झालेल्या मारामारीबद्दल पोलिसांनी दोघांनाही अटक केली होती. सिएटलच्या बाजूने विल्सन. एक सामना पश्चिमेच्या नियमांनी, सात खेळाडूंचा, तर पुढचा पूर्वेच्या नियमांनी, सहा खेळाडूंचा, असा क्रम होता. पहिला सामना सिएटलने 7-0 असा जिंकला, दुसरा मॉंट्रियलने 4-2 असा, आणि ते चारही गोल लालोंदचे. तिसरा पुन्हा सिएटलने 7-2 असा घेतला. चौथा सामना वीस मिनिटांच्या जादा वेळेनंतरही 0-0 असाच राहिला आणि तो सोडून द्यावा लागला. जाणकार त्या सामन्याला आजही त्या काळातील सर्वोत्तम सामन्यांत धरतात.

पाचव्या सामन्यात सिएटल 3-0 असे पुढे होते. म्हणजे कप जवळजवळ हातात आलेला. शेवटच्या सत्रात मॉंट्रियलने तीन गोल फेडले आणि सामना पुन्हा जादा वेळेत गेला. सिएटलची माणसे दोन आठवड्यांच्या आत पाचवा सामना खेळत होती आणि त्यांच्याकडे बदली खेळाडू उरले नव्हते. जादा वेळेत कली विल्सन इतका दमला की त्याला बर्फ सोडून बाहेर जावे लागले. ज्याच्या दमदारपणावर आणि दांडगाईवर संघाने पैसे मोजले होते, त्याचेच पाय चालेनात. मॉंट्रियलकडून बाकावरून ताजातवाना आलेल्या जॅक मॅकडोनाल्डने गोल केला आणि सामना 4-3 असा गेला. दांडगट विंगर म्हणजे नुसता मारकुटा गडी, असे ज्यांना वाटते त्यांनी हा प्रसंग जरूर विचारात घ्यावा. साठ मिनिटे आणि वर जादा वेळ धावल्याशिवाय माणूस अशा अवस्थेला येत नाही.

निर्णायक सामना 1 एप्रिलला व्हायचा होता. तो झालाच नाही, कारण मॉंट्रियलचे खेळाडू एकामागून एक तापाने आडवे झाले. हीच ती इन्फ्लुएंझाची साथ, जिने आदल्या वर्षी मुंबईत शिरून पुढे सबंध हिंदुस्थानात हाहाकार उडवला होता. मॉंट्रियलचा व्यवस्थापक जॉर्ज केनेडी स्वतः आजारी होता. त्याने कप सिएटलला देऊन टाकण्याची तयारी दाखवली, पण आजारी संघाकडून कप घेणार नाही, अशी भूमिका मुल्डूनने घेतली. 5 एप्रिलला जो हॉल सिएटलमध्येच न्यूमोनियाने मरण पावला. केनेडीची प्रकृती पुन्हा पूर्वपदावर आली नाही आणि तोही 1921 साली गेला. स्टॅन्ली कपवर 1919 साठी दोन्ही संघांची नावे आणि मालिका अपूर्ण राहिल्याची नोंद आहे.

त्यानंतर विल्सनला पॅसिफिक किनाऱ्यावर जागा उरली नाही. मात्र बेकारीचा एक हंगामही त्याच्या वाट्याला आला नाही. एनएचएलमधील टोरोंटो सेंट पॅट्रिक्सने त्याला लगेच घेतले, आणि 1919-20 च्या हंगामात त्याने काय केले? 23 सामन्यांत 20 गोल केले आणि पेनल्टी मिनिटांत संपूर्ण लीगमध्ये पहिला आला. ज्या दोन गोष्टींसाठी त्याला घेतले होते त्या दोन्ही त्याने चोख पार पाडल्या. एका लीगमध्ये जो गुन्हेगार, तो दुसऱ्या लीगमध्ये गल्ल्याचा आधार. दरम्यान मॅकेने मात्र तो हंगाम व्यावसायिक हॉकीपासून दूर, कॅल्गरीतील एका हौशी म्हणवणाऱ्या संघात काढला. शिक्षा झालेला माणूस मोठ्या लीगमध्ये आणि मार खाल्लेला माणूस बाहेर, असा हा उलटा हिशेब होता.

पुढची दोन-तीन वर्षे मी घाईने ओलांडतो, कारण त्यांत सांगण्यासारखे थोडेच आहे: टोरोंटोहून मॉंट्रियल, तिथून हॅमिल्टन टायगर्स, म्हणजे तळाच्या संघातील कष्टाचे दिवस. मग तो कॅल्गरी टायगर्समध्ये गेला, आणि इथे कहाणी पुन्हा रंगते. कॅल्गरीचा संघ पश्चिमेच्या दुसऱ्या लीगमध्ये होता, आणि 1922 च्या हिवाळ्यापासून त्या लीगचे संघ पॅट्रिक बंधूंच्या लीगमधील संघांशी नियमित सामने खेळू लागले होते. म्हणजे फ्रँक पॅट्रिकने ज्याला आपल्या लीगबाहेर घालवले, तो विल्सन आता पाहुणा म्हणून त्याच्याच रिंगणात उतरू शकत होता आणि तिकिटे विकली जात होती. 1924 साली कॅल्गरी स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीत पोहोचले आणि मॉंट्रियलकडून हरले. मॉंट्रियलचा तरुण खेळाडू हाउई मॉरेंझ तेव्हा नुकताच उदयाला येत होता. त्याच वर्षी पॅट्रिक बंधूंची लीग बंद पडली, व्हँकुव्हर आणि व्हिक्टोरिया कॅल्गरीच्या लीगमध्ये सामील झाले, आणि विल्सन व मॅके एकाच लीगमध्ये आले. बंदी कधी उठवली गेली हा प्रश्नच शिल्लक राहिला नाही, कारण बंदी घालणारी संस्थाच उरली नव्हती.

1926 साली पश्चिमेची ती लीगही संपली आणि तिचे खेळाडू पूर्वेला विकले गेले. शिकागोमध्ये ब्लॅक हॉक्स हा नवा संघ निघाला. त्याचा पहिला प्रशिक्षक पीट मुल्डून, तोच सिएटलचा. त्याने संघात घेतलेल्या जुन्या माणसांत चौतिशीतला कली विल्सन होता आणि त्याच संघात मिकी मॅकेही होता. ज्याचा जबडा मोडला तो आणि ज्याने मोडला तो, असे दोघे एकाच रंगाचा स्वेटर घालून, एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली एक संपूर्ण हंगाम खेळले. विल्सनचा एनएचएलमधील तो शेवटचा हंगाम. त्या दोघांमध्ये काय बोलणे झाले असेल याच्या कथा रचणे सोपे आहे आणि मला त्यात रस नाही. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की ज्या व्यवस्थेने सात वर्षांपूर्वी या दोघांमधील प्रसंगाला असह्य ठरवले होते, त्या व्यवस्थेतील सर्वांनी तो प्रसंग सोयीने गिळून टाकला.

‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ असे मी या प्रकरणाला म्हणणार नाही, कारण विल्सन संन्यासी मुळीच नव्हता. पण बाकीच्या चोरांचे काय झाले ते पाहा. स्प्रेग क्लेघॉर्नने 1922 च्या फेब्रुवारीत एकाच सामन्यात ओटावाच्या जेरार्ड, नायबर आणि डेनेनी या तीन खेळाडूंना जखमी केले. ओटावाने त्याला कायमचे बाहेर काढण्याची मागणी केली आणि ती फेटाळली गेली. क्लेघॉर्न हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानाच्या यादीत, आहे. जो हॉल 1961 पासून हॉल ऑफ फेममध्ये आहे. मॅके, फॉयस्टन, वॉकर, होम्स हे सगळे आहेत. फ्रँक पॅट्रिकही आहे. सिएटलच्या त्या संघातील राइट विंगर मात्र नाही. क्लेघॉर्न आणि विल्सन यांच्यातील फरक मला तरी एकच दिसतो: क्लेघॉर्नने ज्यांना मारले त्यांच्या संघाचा मालक लीगचा अध्यक्ष नव्हता.

यावर कोणी म्हणेल की विल्सन त्या तोलाचा खेळाडूच नव्हता. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. फॉयस्टनचे सातत्य त्याच्याकडे नव्हते, क्लेघॉर्न बचावात जितका वरचढ होता तितका विल्सन आक्रमणात वरचढ नव्हता, आणि त्याच्या चांगल्या हंगामांच्या मध्ये बरेच सामान्य हंगाम आहेत. दोन वेगवेगळ्या संघांकडून दोन स्टॅन्ली कप आणि टोरोंटोतील तो एक झळाळता हंगाम, एवढ्या भांडवलावर त्याला आत घ्यावे की नाही, यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. मी स्वतः कुंपणावर बसलेला आहे. मात्र त्याला वगळायचे असेल तर गोल आणि हंगाम मोजून वगळावे. मॅकेच्या जबड्याचे कारण पुढे करणाऱ्यांनी आधी क्लेघॉर्नचे नाव त्या यादीत कसे राहते ते सांगावे, आणि 1915 साली विल्सनला टोरोंटोहून फोडून आणणाऱ्या फ्रँक पॅट्रिकने नेमके काय विकत घेतले होते, तेही सांगावे.